पोट आमचं, वही त्यांची

(बुलडाणा जिल्ह्यातल्या एका युवक शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून काढलंय. शिव्या संपादकांनी गाळल्यात, त्या ज्याच्या त्यानं भरून घ्याव्यात.)



मला इथं कविता वाचायला बोलावलंय. कविता आज वाचत नाही, हिशोब वाचतो. हिशोबाची भाषा आपल्या कवींना जमत नाही, आणि आपल्या पुढाऱ्यांना ती फक्त इलेक्शनच्या टायमाला आठवते. म्हणून हे काम माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या गोदीतल्या हमालाच्या गळ्यात आलंय. इंग्रजी कागद मला आपल्याच वस्तीतल्या एका पोरानं वाचून दाखवले. तो आता मेडिकलला आहे. कागद त्याचे, राग माझा.

विषय आहे ऑपरेशन. पोट फाडणं, हाड जोडणं, मुतखडा काढणं, गर्भपिशवी काढणं. आणि या सगळ्याची वही. तुम्ही म्हणाल, वहीत काय ठेवलंय? अरे, सगळं वहीतच ठेवलंय. कुठलं ऑपरेशन बरं, कोणत्या शरीराला भूल सोसते, कोण कितव्या दिवशी मरतो, सरकारनं पैसा कुठं टाकावा, उद्याच्या डॉक्टरांना कॉलेजात काय शिकवावं, हे आता एकट्या डॉक्टरच्या मर्जीवर ठरत नाही. हजारो-लाखो पेशंटांची माहिती कॉम्प्युटरात भरतात. तिला डेटाबेस म्हणतात. तिच्यातून निष्कर्ष काढतात, आणि तो निष्कर्ष मग कायद्यासारखा जगभर चालतो. त्या वहीत ज्याचं शरीर नीट उतरलं त्याच्या वाट्याला शास्त्र येतं. ज्याचं उतरलं नाही त्याला सांगतात, बाबा, तुझं नशीब.

आमच्या गोदीत बोट लागली की माल उतरतो आणि टॅली सुरू होते. एक टॅली क्लार्क जहाजाच्या बाजूचा, एक धक्क्याच्या बाजूचा. स्लिंग खाली आली की दोघं आपापल्या कागदावर रेघा मारतात. गोणी फाटकी असेल तर फाटकी लिहितात, भिजली असेल तर भिजली. पाळी संपताना दोन्ही कागद जुळावे लागतात. नाही जुळले तर आरडाओरडा, पुन्हा मोजणी. जहाजवाल्याच्या एकट्याच्या टॅलीवर जगातला कुठलाही व्यापारी दमडी सोडत नाही. सिमेंटच्या गोणीला दोन टॅली आणि माणसाच्या पोटाला एकच, तीही पोट फाडणाऱ्याची. मला आज एवढंच सांगायचंय. पण एवढ्यावर सोडलं तर तुम्ही टाळ्या वाजवून चहाला पळाल, म्हणून पुरावे देतो.

माझी आत्या लोणार तालुक्यातली. ऊसतोडीला जायची. पोटात दुखायचं, अंगावरून पांढरं जायचं. तिला एका खाजगी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाला, पिशवी खराब झाली, काढली नाही तर कॅन्सर होईल. कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर गरीब माणूस दुसरा प्रश्न विचारत नाही. मुकादमाकडून उचल घेतली आणि पिशवी काढली. आत्याचं वय तेव्हा ३१. डिस्चार्ज कार्डावर वय ४२. कामधंद्याच्या जागी लिहिलंय, गृहिणी. मी तिला विचारलं, हे वय कोणी सांगितलं? म्हणाली, ‘‘मले कोनं इचारलंच नाई रे बाप्पा. त्याईनंच लिवलं.’’

आता समजा, हे कार्ड कॉम्प्युटरात गेलं. तो काय वाचणार? ४२ वर्षांची गृहिणी, ऑपरेशन यशस्वी, सहाव्या दिवशी घरी. तक्रारीला जागाच नाही. उलट डॉक्टरचा हात किती साफ, हाच निष्कर्ष निघायचा. पण ३१ वर्षांची ऊसतोड बाई, जी दोन महिन्यांत पुन्हा डोक्यावर मोळ्या घेऊन ट्रकची फळी चढत होती आणि जिची कंबर त्यानंतर सरळ झाली नाही, ती बाई त्या वहीत जन्मालाच आली नाही. कोण म्हणतं आकडे खोटं बोलत नाहीत? आकड्याला आधी बोलायला शिकवावं लागतं, आणि शिकवणारा मास्तर कोणाच्या आळीतला हे बघावं लागतं.

ही एकट्या आत्याची गोष्ट असती तर मी घरात रडलो असतो, इथं उभा राहिलो नसतो. आपल्या जिल्ह्याला लागून जालना, त्याच्या पुढं बीड. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्यांचा बोभाटा झाला. वर्तमानपत्रात आलं, महिला आयोगानं नोटीस काढली, विधिमंडळात प्रश्न आला. तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं की, ३ वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खाजगी हॉस्पिटलांत ४,६०५ बायांच्या पिशव्या काढल्या. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिच्यासाठी माणसं दारोदार फिरली. ८२,३०९ ऊसतोड बायांना विचारलं, तर १३,८६१ जणींची पिशवी गेलेली. शंभरात जवळपास १७. आणि २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सगळ्या देशाचा आकडा काय होता? १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांत ३ च्या थोडा वर.

या तीन आकड्यांची मापं वेगवेगळी आहेत, हे मला कळतं. हमाल असलो तरी किलोतून मीटर वजा करत नाही. पण एक गोष्ट कुठल्याही मापानं उघडी पडते. ९९ हॉस्पिटलं वर्षानुवर्षं आपापली रजिस्टरं भरत होती आणि त्यातल्या एकाही रजिस्टरानं ‘ऊसतोड’ हा शब्द उच्चारला नाही. रजिस्टरात ती ‘पेशंट, स्त्री, विवाहित’ होती. ती कोण, पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर तिला दंड का बसतो, फडात मोरी नाही आणि पाणी नाही म्हणून तिला जंतूसंसर्ग होतो, हे कळायला तिच्याच दारात जावं लागलं. संघटनांच्या बाया गेल्या, पत्रकार गेले, तेव्हा सरकार गेलं. म्हणजे धक्क्याची टॅली झाली तेव्हा जहाजाची टॅली उघडी पडली.

आणि जात? ऊस तोडणाऱ्यांत वंजारी आहेत, बंजारा आहेत, बौद्ध आहेत, मातंग आहेत. पुढं बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अशाच काढलेल्या पिशव्यांचा खटला सुप्रीम कोर्टात चालला. एप्रिल २०२३ च्या निकालात बळी पडलेल्या बाया बहुतेक दलित, आदिवासी आणि मागास जातींतल्या, ही गोष्ट नोंदली गेली. कोर्टात नोंदली जाते ती जात हॉस्पिटलच्या वहीत येत नाही. तिथं आपण सगळे एकदम भारतीय होतो.

अमेरिकेतली सगळ्यात नावाजलेली ऑपरेशनची वही कशी चालते ते आता सांगतो. तिकडच्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांत १९९४ साली ती सुरू झाली, २००४ पासून खाजगी हॉस्पिटलांसाठी उघडली. नाव एन.एस.क्यू.आय.पी. तिच्यात एक चांगली रीत आहे. पेशंटला ऑपरेशननंतर ३० दिवसांपर्यंत सोडत नाहीत. घरी गेला असेल तर चौकशी करतात: जखम पिकली का, परत भरती झाला का, मेला का. शिकलेली नर्स हेच काम करायला ठेवलेली असते. आणि त्या वहीत पेशंटचा वंशही लिहितात, काळा की गोरा. म्हणून तिकडचे काळे लोक आज वही उघडून म्हणू शकतात, बघा, एकाच ऑपरेशननंतर आमची माणसं जास्त मरतात, उत्तर द्या. पण त्या वहीतही खोट आहे. तिच्यात सामील व्हायला हॉस्पिटलला पैसे भरावे लागतात, नोंदी ठेवायला माणूस ठेवावा लागतो. म्हणजे गरीब वस्तीतलं गरीब हॉस्पिटल बाहेरच राहायचं. काळा माणूस रकान्यात आला, पण त्याची गल्ली आली नाही.

आता आपला तिसावा दिवस बघा. ऑपरेशननंतर तिसाव्या दिवशी आपला माणूस कुठं असतो? फडात. वीटभट्टीवर. सुरतेला. मुंबईच्या फुटपाथवर. टाके गावच्या कंपाउंडरनं काढलेले असतात. जखम पिकली तर हळद, जास्तच पिकली तर उधारी. मेला तर गावात मेला, हॉस्पिटलच्या कागदावर तो अजून ‘प्रकृती सुधारून घरी पाठविले’ आहे. आपली माणसं कागदावर कधी मरत नाहीत, एवढी आपली तब्येत चांगली.

बुलडाणा जिल्हा घ्या. १३ तालुके. २०११ च्या जनगणनेत २५ लाख ८६ हजार माणूस, त्यात अनुसूचित जाती शंभरात १८, आदिवासी शंभरात ५ च्या आसपास. एवढ्या जिल्ह्याला सरकारी मेडिकल कॉलेज मिळायला २०२४ साल उजाडलं. तोपर्यंत अवघड केस म्हटली की अकोला, नाहीतर औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, नाहीतर थेट नागपूर. संशोधन मोठ्या कॉलेजात होतं. म्हणजे वहीत यायचं असेल तर आधी तिथवर जिवंत पोचावं लागतं. लोणारकडचा माणूस थ्रेशरमध्ये हात देऊन बसला आणि दीडशे किलोमीटरच्या वाटेत जीपमध्ये गेला, तर तो कोणाच्या संशोधनात मेला? कोणाच्याच नाही.

मुंबई, दिल्ली आणि कोलकात्याच्या चार सरकारी हॉस्पिटलांत २०१३ ते २०१५ मध्ये अपघातात जखमी झालेल्या सुमारे १६ हजार माणसांची नोंद झाली. मोठं काम आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. खाजगी हॉस्पिटलं तोंड शिवून बसली असताना सरकारी डॉक्टरांनी आपली वही जगापुढं उघडली, याला हिंमत लागते. पण ती वही महानगराच्या दारात पोचलेल्यांची आहे. तिच्यावरून ‘भारतातला जखमी माणूस’ असं कोणी लिहिलं तर मी विचारीन, मेहकरचा कुठंय? २०१५ साली ‘लॅन्सेट’ या डॉक्टरांच्या पत्रिकेनं नेमलेल्या आयोगानं सांगितलं की, जगातल्या ५०० कोटी लोकांना सुरक्षित, परवडणारं ऑपरेशन वेळेवर मिळत नाही, आणि वर्षाला होणाऱ्या ३१ कोटींवर ऑपरेशनांतली फक्त ६ टक्के सगळ्यात गरीब देशांत होतात. मग जी वही ऑपरेशन झालेल्यांचीच आहे, तिच्यात या ५०० कोटींचं काय दिसणार? टेबलापर्यंत जो आलाच नाही त्याचा रकाना कुठं असतो?

आपल्या राज्यात योजना आहे. महात्मा फुल्यांचं नाव तिला. आधी तिचं नाव राजीव गांधी होतं, २ जुलै २०१२ ला ८ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात बुलडाणा नव्हता. बाकीच्या जिल्ह्यांसोबत आपल्याला २०१३ च्या नोव्हेंबरात मिळाली. योजनेनं माणसं वाचवलीत, हे नाकारणारा माणूस कधी आजारी पडला नसणार. पण तिची वही बिलाची वही आहे. त्या योजनेत माणूस ओळखला जायचा रेशनकार्डाच्या रंगावरून: पिवळं, केशरी. आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत, ज्यात आपण येतो, पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यासाठी वेगळा गट केला. बरं झालं. शेतमजुराचा गट मात्र कोणाला सुचला नाही, तो पिवळ्यात बुडाला. ज्या फुल्यांनी शेतकऱ्याच्या पाठीचे वळ मोजले त्यांच्या नावाच्या वहीत मजुराची पाठच नाही.

आता मागच्या रांगेतून कुजबूज येणार, मला माहिती आहे. ‘‘आपण आडनावं बदलली, जात सांगायला लाजतो म्हणून नाही तर जात मारायची म्हणून. आणि हा म्हणतो दवाखान्यात जात लिहा?’’

या प्रश्नाला मी हसत नाही. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिजा’मध्ये एक पत्र दिलंय. १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त ते छापून आलं होतं. काठेवाडातला एक अस्पृश्य मास्तर. त्याची बायको बाळंत झाली आणि आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. गावच्या नगरशेठनं फीची हमी घेतली तेव्हा तो आला, तेही बाईला वस्तीबाहेर आणून ठेवायच्या अटीवर. बाळंतीण बाई, आजारी, बाहेर आणली. डॉक्टरनं थर्मामीटर काढलं, एका मुसलमानाच्या हातात दिलं, त्यानं नवऱ्याच्या हातात दिलं, नवऱ्यानं बायकोला लावलं. परत त्याच वाटेनं डॉक्टरकडं. त्यानं दिव्याच्या उजेडात पाहिलं आणि सांगितलं, न्यूमोनिया. पुन्हा बोलावलं तेव्हा आला नाही. बाई मेली.

दोस्तांनो, ही आपली पहिली नोंद समजा. ताप मोजला गेला की नाही? मोजला. आकडा आला की नाही? आला. पण तो आकडा तीन हातांतून आला आणि डॉक्टरचा हात बाईच्या अंगाला लागला नाही. छातीला नळी नाही, नाडीला बोट नाही. उद्या कोणी त्या डॉक्टरचं रजिस्टर काढलं तर त्यात ताप सापडेल, रोग सापडेल, अस्पृश्यता सापडणार नाही. म्हणून मी म्हणतो, जात केसपेपरच्या कपाळावर लिहू नका. वॉर्डबॉयनं वाचावी, आयाबाईनं वाचावी आणि खाट संडासाजवळची द्यावी, यासाठी तर मुळीच नको. जात लिहा मोजणीच्या वहीत, नावापासून तोडून, पेशंटला विचारून, त्याची मर्जी असेल तर. खाटेवर जात नको, हिशोबात जात पाहिजे. २०२५ साली केंद्र सरकारनं जनगणनेत जात मोजायचं मान्य केलं, मग ऑपरेशनच्या हिशोबाला तिचा विटाळ कशाला?

रकान्यानं काय होतं ते ऐका. ऑपरेशनच्या वेळी बोटाला चिमटा लावतात, त्याला पल्स ऑक्सिमीटर म्हणतात. कोरोनात तो आपण सगळ्यांनी पाहिला. २०२० साली अमेरिकेत मिशिगनच्या डॉक्टरांनी हजारो नोंदी तपासल्या. चिमटा म्हणत होता प्राणवायू ठीक आहे, आणि रक्त काढून तपासलं तर तो धोक्याच्या खाली. ही फसवणूक गोऱ्या पेशंटांत शंभरात ४ च्या आसपास, काळ्यांत शंभरात १२ च्या आसपास. काळ्या कातडीतून मशीनचा उजेड नीट वाचत नव्हता. हे दिसलं कशामुळं? वहीत काळा-गोरा लिहिलं होतं म्हणून दिसलं. आता आपापली बोटं बघा. सोयाबीन काढून, गोण्या उचलून, उन्हात करपून ती कोणत्या रंगाची झालीत?

पण रकाना मिळाला की मुक्ती मिळाली, असंही नाही. त्याच अमेरिकेत किडनी किती काम करते ते काढायच्या सूत्रात काळ्या माणसासाठी वेगळा गुणाकार होता. गुणाकार केला की त्याची किडनी कागदावर जरा बरी दिसायची आणि किडनी बदलायच्या यादीत त्याचा नंबर उशिरा लागायचा. २०२१ साली डॉक्टरांच्या समितीनं ते सूत्र टाकून द्यायला सांगितलं, २०२३ पासून काळ्या पेशंटांचा वाया गेलेला वेळ मोजून त्यांना यादीत वर सरकवायला लागले. हे आमच्या संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगावच्या खारपाण पट्ट्यातल्या माणसांनी कान देऊन ऐकावं, जिथं खारं पाणी पिऊन घराघरात किडनीचं दुखणं सांगतात. रकाना कोण भरतो यापेक्षा सूत्र कोण लिहितो, हा प्रश्न मोठा आहे.

आणि रक्ताची एक गोष्ट. सिकलसेल. विदर्भात हा आजार आहे हे १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. आदिवासींत आणि विदर्भातल्या महारांत तो जास्त, हे पुढच्या तपासण्यांतून पुन्हा पुन्हा दिसलं. यात जातीच्या रक्ताचा काही महिमा नाही. हिवतापाच्या मुलखात हा दोष थोडा असला तर माणूस तगतो, म्हणून तो टिकला. आणि जातीतच लग्न करायच्या रूढीनं तो जातीत कोंडून राहिला. जातीतल्या जातीत लग्न हाच जातीचा गाभा, हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियात सांगितलं होतं, ते इथं रक्ताच्या थेंबात दिसतं. या आजाराच्या माणसाला भूल देताना प्राणवायू कमी पडला, अंग गार पडलं, पाणी कमी झालं, तर रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि रक्तवाहिन्या तुंबतात. आधी माहीत असेल तर सांभाळता येतं. तपासणीला रक्ताचा थेंब आणि काही मिनिटं लागतात. २०२३ साली केंद्रानं सिकलसेलची मोहीम काढली, भर आदिवासींवर. योग्यच आहे, त्यांचं दुखणं मोठं आहे. पण विदर्भातल्या बौद्ध वस्त्यांचा थेंब कोण घेणार?

१९७२ साली मुंबईत आपल्या आधीच्या पिढीनं अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं. त्या ब्लॅक पँथरनं काय केलं होतं, माहिती आहे? फुकट दवाखाने काढले आणि १९७१-७२ च्या सुमाराला वस्त्यावस्त्यांतून सिकलसेलच्या तपासण्या चालवल्या. सरकार करत नव्हतं म्हणून पोरांनी स्वतः सुया हातात घेतल्या. आपण नाव घेतलं, डरकाळी घेतली. दवाखाना घ्यायचा राहिला.

आता एक शेवटचा पुरावा, तोही मराठी मुलखातला. उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवर मोठं संशोधन झालं. १ लाख ३१ हजारांवर बाया, ५२ गट. काही गटांची एका पद्धतीनं तपासणी, काहींची दुसऱ्या, काहींची तिसऱ्या. आणि ३१ हजारांवर बायांच्या गटांची तपासणी नाही. त्यांना नेहमीची सोय, म्हणजे खेड्यात जी असते ती. २००९ साली निकाल छापून आला. एच.पी.व्ही. तपासणी झालेल्या गटात कॅन्सरनं ३४ मेल्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. या निकालानं जगाला शहाणं केलं, एका तपासणीनं मरण निम्म्यावर येतं हे सिद्ध झालं. मी ते विसरत नाही. पण इथं आपल्या बाया वहीत होत्या की! गावंच्या गावं वहीत होती. मग काय कमी होतं? चौथ्या गटातली एक बाई त्या टेबलाला नव्हती, जी विचारील, आम्हाला का नाही तपासत? मुंबईच्या झोपडपट्टीतही असंच संशोधन झालं आणि त्यावर जगभर भांडण झालं. भांडणारेही डॉक्टर आणि ऐकणारेही डॉक्टर.

म्हणून प्रतिनिधित्व हा शब्द मी डॉक्टरांच्या डिक्शनरीतून घेत नाही. मी तो १९१९ सालातून घेतो. साउथबरो समितीपुढं बाबासाहेब साक्षीला उभे राहिले तेव्हा वय २७. इथं बसलेल्या बहुतेकांएवढे. त्यांनी सांगितलं, अस्पृश्यांचं हित दुसरा कोणी मांडू शकत नाही, त्यांचा माणूस त्यांच्यातूनच आला पाहिजे आणि संख्येच्या मानानं आला पाहिजे. वहीत आपण असणं ही मोजदाद. वही उघडताना आपण असणं हे प्रतिनिधित्व. पहिलं मिळालं म्हणून दुसरं सोडायचं नाही.

आणि दुसरं मागायला दार आहे. माणसांवर संशोधन करायचं तर संस्थेला नैतिकता समिती लागते, एथिक्स कमिटी म्हणतात तिला. तिच्या मंजुरीशिवाय संशोधन करता येत नाही. २०१७ च्या आय.सी.एम.आर.च्या नियमांत आणि २०१९ च्या औषध चाचण्यांच्या नियमांत लिहिलंय की, समितीत किमान ७ माणसं पाहिजेत, अध्यक्ष त्या संस्थेबाहेरचा पाहिजे, आणि एक सभासद साधा माणूस पाहिजे. म्हणजे डॉक्टर नसलेला, वकील नसलेला, लोकांतला, लिहिता-वाचता येणारा. मी नियम दोनदा वाचून घेतला. मॅट्रिक चालतो. बहुतेक ठिकाणी या खुर्चीवर कोणातरी रिटायर मास्तराला नाहीतर ट्रस्टीच्या मेव्हण्याला बसवतात, तो चहा पितो आणि सही करतो.

९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यातल्या दहा नव्या सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं, त्यात आपलं बुलडाण्याचं कॉलेज आहे. वर्षाला १०० पोरं-पोरी. ते शिकणार कोणाच्या अंगावर? सिंदखेडराजाच्या, मोताळ्याच्या, लोणारच्या, आपल्याच. त्यांचे प्रबंध कोणाच्या पोटावर लिहिले जाणार? आपल्याच. कॉलेज नवं आहे, रीती अजून वाळलेल्या नाहीत. आत्ताच जाऊन डीनला निवेदन द्यायचं. समितीतली ती खुर्ची वस्तीतल्या माणसाला पाहिजे, आणि जमलं तर बाईला. ऑपरेशनच्या नोंदीत काम लिहा: ऊसतोड, वीटभट्टी, हमाली, सफाई. गाव लिहा, पोचायला किती तास लागले ते लिहा, पैसा कोणाकडून आणला ते लिहा. वय आधारकार्ड बघून लिहा, डोळ्यांनी अंदाज करून नको. आणि तिसाव्या दिवशी फोन करा. फोन नसेल तर आशाताईला विचारा, तिला सगळ्या गावाची जखम माहीत असते. फक्त त्या कामाचे तिला पैसे द्या, फुकट राबवू नका.

निवेदनासोबत आपली टॅली पाहिजे, नाहीतर हसतील. म्हणून मागच्या टेबलावर पाच कोऱ्या वह्या ठेवल्यात. ज्या तालुक्यात जाणार असाल तिथली एक घ्या. मागच्या पाच वर्षांत वस्तीत कोणाचं ऑपरेशन झालं, कशाचं, कितव्या वर्षी, काम काय, पैसे किती, तिसाव्या दिवशी तो माणूस कुठं होता, एवढं विचारा. नाव लिहू नका, अंगठा घेऊ नका, कार्डाचा फोटो काढू नका. बायांना विचारायला मुलींनी जावं. कोणी सांगायला नको म्हणालं तर पाणी पिऊन उठा. पहिल्या वहीचं पहिलं पान आत्यानं सांगितलंय, वय ३१ असं तिनं माझ्याकडून लिहून घेतलं. पुढच्या महिन्यात वह्या खामगावला आणा. माझी पाळी रविवारी नसते.